पोराला दिलेला एक कीस

आपल्याकडचा सुतार रंधा पुढे ढकलतो. करवतही पुढे जाताना कापते. जपानी सुतार मात्र ही दोन्ही हत्यारे स्वतःकडे ओढतो. ओढताना पाते ताणलेले राहते, वाकत नाही. म्हणून त्यांची करवत फार पातळ ठेवता येते आणि भुसाही कमी पडतो. पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला मऊ लोखंडावर कडक पोलादाचा थर जोडलेला असतो. पोलाद धार धरते आणि मऊ लोखंड दगडावर सहज झिजते. त्यामुळे सुताराला आपली धार आपणच लावता येते. आमच्या वाचकांत ज्यांच्या घरी सुतारकाम आहे, त्यांना यातली अक्कल लगेच उमगेल.

या हत्यारांची थोरवी पाहायची तर नारा प्रांतातील होर्यु-जी हा बुद्धविहार पाहावा. तेथील इमारती जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत मोडतात. सुमारे तेराशे वर्षे त्या उभ्या आहेत. सगळे काम हिनोकी नावाच्या सुगंधी झाडाच्या लाकडाचे. या विहाराचे सुतारकाम निशिओका घराण्याकडे होते. त्यातले त्सुनेकाझू निशिओका (१९०८ ते १९९५) हे त्या परंपरेतील शेवटचे मोठे सुतार. आजोबांनी त्यांना शेतकी शाळेत घातले. सुताराच्या पोराला शेतकी शाळा कशाला, असे कुणालाही वाटेल. पण माती कळल्याशिवाय झाड कळत नाही, असा त्या म्हाताऱ्याचा हिशोब होता.

जुन्या खांबांवरील खुणा पाहून निशिओकांनी एक विसरलेले हत्यार पुन्हा घडवून घेतले. त्याचे नाव यारिगान्ना. भाल्याच्या टोकासारखे पाते असलेला हा जुना रंधा ठोकळ्यात बसवलेल्या रंध्याच्याही आधीचा. त्याने तासलेल्या लाकडावर पाणी ठरत नाही, विजेच्या रंध्याने मात्र लाकडाचे तंतू पिंजले जातात आणि ओल धरते, असे ते सांगत. याकुशी-जी या विहाराची मुख्य इमारत १९७६ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली नव्याने उभी राहिली, आणि १५२८ मध्ये जळालेला पश्चिमेचा स्तूप १९८१ मध्ये. मुख्य इमारतीचा पैसा सामान्य माणसांनी उभा केला. एका सूत्राची प्रत हाताने लिहायची आणि तिच्यासोबत एक हजार येन द्यायचे, अशा दहा लाख प्रतींचा संकल्प होता.

निशिओकांचे मुलगे या धंद्यात आले नाहीत. मग विद्या गेली कुणाकडे? मित्सुओ ओगावा नावाच्या एका बँक कर्मचाऱ्याच्या मुलाकडे! शाळेच्या सहलीत होर्यु-जीचा स्तूप पाहून त्याने सुतार व्हायचे ठरवले. पहिल्यांदा त्याला परत पाठवण्यात आले. १९६९ मध्ये निशिओकांनी त्याला शिष्य म्हणून घेतले आणि एक वर्ष रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्र बंद, फक्त हत्यारांना धार लावायची, अशी अट घातली. त्यांनी स्वतः रंधा मारून काढलेला एक पातळ कीस पोराच्या हाती दिला. असा काढ, एवढेच सांगणे. पोराने तो काचेवर चिकटवला आणि तसा कीस निघेपर्यंत पाते घासत राहिला. घराण्यात न जन्मलेल्या माणसाने पेललेले हे काम. आपल्याकडे जन्मावरून हत्यार वाटून देणाऱ्यांनी ही हकीकत दोनदा वाचावी.

जपानमध्ये सगळेच सुतार असे काम करतात, असे कुणी समजू नये. तेथे १९५८ पासून विजेचा रंधा मिळू लागला. आज बहुतेक लाकडी घरांचे खांब-तुळया कारखान्यातच कापून येतात. दिवसभर राबणाऱ्याने यंत्र घेतले तर त्यात नावे ठेवण्यासारखे काही नाही. पण करवतीचे पातेही आता बदलायचे झाले. त्याचे दात इतके कडक केलेले असतात की कानस चालत नाही. बोथट झाले की फेकायचे, नवे बसवायचे. त्यामुळे करवतीला दात लावून देणारे कारागीर कमी होत गेले. २०२० मध्ये युनेस्कोने लाकडी वास्तू जपण्याच्या जपानी कौशल्यांची वारसा म्हणून नोंद केली. पण नोंद झाल्याने कानस चालवणारा हात तयार होत नाही.

ओगावांनी १९७७ मध्ये इकारुगा-कोशा नावाची कार्यशाळा काढली. तेथे शिकणारी पोरे एकत्र राहतात. नवा पोरगा आधी सर्वांचा स्वयंपाक करतो, झाडलोट करतो आणि रात्री दगड भिजवून पटाशी घासायला बसतो.