व्याजाचा कायदा आणि बँकेची व्याख्या

दावा जिंकला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे, हे कोर्टाची पायरी चढलेला प्रत्येकजण जाणतो. हुकूमनामा हाती आल्यावरही दरखास्तीत वर्षे जातात. त्या काळातील व्याज दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३४ ठरविते. कमाल सहा टक्के! १९५६ साली घातलेली ही मर्यादा आजही कायम आहे. अपवाद फक्त व्यापारी व्यवहारांचा. तेथे कराराचा दर आणि करारात दर नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकांचा कर्जाचा दर, अशी सोय १९७६ च्या दुरुस्तीने केली.

पण राष्ट्रीयीकृत बँक म्हणजे कोणती? संहितेनुसार फक्त १९७० च्या कायद्यातील चौदा. विलीनीकरणानंतर त्यातल्या दहाच उरल्या. १९८० साली ताब्यात घेतलेल्या सहा बँका या व्याख्येत नाहीत. देशातील सर्वांत मोठी स्टेट बँकही नाही, कारण तिचा कायदा १९५५ चा, वेगळा.

१९७८ च्या व्याज अधिनियमाची अवस्था तर याहून वाईट. दाव्यापूर्वीच्या व्याजासाठी त्यात 'चालू दर' आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ठेवींवर देता येणाऱ्या कमाल दरांतील सर्वांत जास्त, तो चालू दर. परंतु मुदत ठेवींचे दर रिझर्व्ह बँकेने १९९७ मध्येच बँकांवर सोपविले. मग कमाल दर आणायचा कोठून? तरीही २०१५ मध्ये लवाद कायद्यातील अठरा टक्के काढून संसदेने याच निर्जीव व्याख्येवर नवा दर उभा केला.

मोठ्या कंपन्यांना याची झळ नाही. त्यांचे वकील करारातच दर लिहून ठेवतात. मरतो तो दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने जायबंदी होऊन भरपाईचा दावा जिंकणारा मजूर. त्याचा व्यवहार 'व्यापारी' नाही. एक लाखाचा हुकूमनामा आठ वर्षे रखडला तर सहा टक्क्यांनी त्याला ४८ हजार, दहा टक्क्यांनी ८० हजार. हे ३२ हजार देणेकऱ्याच्या खिशात राहतात. बँकेचे कर्ज काढून पैसे देण्यापेक्षा दरखास्त लांबविणे स्वस्त पडत असेल, तर तो लवकर कशाला देईल?

लघुउद्योगांसाठी २००६ च्या कायद्याने थेट रिझर्व्ह बँकेचा जाहीर 'बँक दर' धरला, तोही तिप्पट. बँक कोणती हा वादच उरला नाही. आमचे म्हणणे, कलम ३४ आणि व्याज अधिनियमातही बँकांच्या याद्यांऐवजी हाच बँक दर आधार धरावा आणि भरपाईच्या हुकूमनाम्यांवरील सहा टक्क्यांचे बंधन काढावे. मात्र ते सरसकट उठवू नये. घरखर्चासाठी विनातारण कर्ज काढणाऱ्या गरिबाला दिवाणी न्यायालयात हीच मर्यादा वाचविते, आणि तेथे ती राहिलीच पाहिजे.