अकाली गुंडाळलेली ‘फायरफ्लाय’

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने ‘फायरफ्लाय’ ही विज्ञानकथा-मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू केली आणि डिसेंबर सरण्यापूर्वीच गुंडाळली. तयार झालेल्या १४ भागांपैकी ११ दाखविले गेले, तेही क्रम मोडून. पात्रांचा परिचय करून देणारा आरंभीचा भाग सर्वांत शेवटी दाखविण्याचा पराक्रम वाहिनीने केला. वर प्रेक्षक मिळत नाहीत ही तक्रार!

पुढील वर्षी सर्व भाग डीव्हीडीवर योग्य क्रमाने आले, चांगले खपले, आणि २००५ मध्ये ‘सेरेनिटी’ हा चित्रपटही निघाला. अपुरेपणाची हुरहूर हे या लोभाचे एक कारण खरे. परंतु केवळ हुरहुरीवर दोन दशके निष्ठा टिकत नाही. जॉस व्हेडन यांच्या या कथेचा नायक माल्कम रेनल्ड्स हा युद्धात हरलेल्या पक्षाचा सैनिक. विश्वोद्धाराची भाषा येथे नाही. जुनाट यान, इंधनाची चणचण, पोटासाठी पत्करलेली मालवाहतूक, प्रसंगी चोरी, आणि एका मेजाभोवती जेवणारी नऊ माणसे. पराभूतांचा हा संसार प्रेक्षकाला आपला वाटतो. पात्रे चिनी भाषेत शिव्या देतात, पण त्या नऊंत चिनी चेहरा एकही नाही, हे वैगुण्य भक्तांनीही नाकारू नये.

वाहिनीने मोजली ती शुक्रवारच्या रात्रीची शिरगणती, कारण जाहिरातदारास विकावयाची ती तेवढीच. २००७ मध्ये अंतराळवीर स्टीव्हन स्वॅन्सन यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर नेल्या त्या याच मालिकेच्या डीव्हीडी.