फ्रिजमधली किल्ली

गेल्या जूनमध्ये एका स्नेह्याच्या घरी लघुपटाचं शूटिंग होतं, ते बघायला गेलो होतो. दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरात नऊ माणसं, भाड्यानं आणलेली एक लेन्स आणि खिडकीतल्या उजेडासमोर धरलेला थर्माकोलचा तुकडा. साउंडचं काम करणाऱ्या मुलीनं आधी पंखा बंद करायला लावला, मग फ्रिज. फ्रिजची घरघर माइकमध्ये येते म्हणे. फ्रिज बंद करून तिनं आपल्या स्कूटरची किल्ली आत ठेवली, दुधाच्या पातेल्याशेजारी. घरच्या मावशी बघतच राहिल्या. "किल्ली आत असली ना मावशी, की निघताना फ्रिज चालू करायची आठवण राहते," ती म्हणाली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर गळक्या नळाचा थेंब पातेल्यात पडतो त्या आवाजासाठी आणि तो ऐकत बसलेल्या म्हातारीसाठी. चहाच्या वेळी मी दिग्दर्शकाला विचारलं, हा उद्योग कशाला? तो मोकळेपणानं म्हणाला, "व्हिजिटिंग कार्ड हो, दुसरं काय! निर्मात्याकडे गेल्यावर दाखवायला काहीतरी लागतं." चहा संपवला आणि जाऊन त्याच थेंबाचा चौदावा टेक घेतला. व्हिजिटिंग कार्डासाठी तिसरासुद्धा पुरला असता. यंदाच्या दिवाळी अंकात लघुपटांवर वेगळा विभाग करायचा, हे मी तिथेच ठरवलं.

व्हिजिटिंग कार्डाची गोष्ट नवी नाही. आपल्याकडे ती खुद्द दादासाहेब फाळक्यांपासून आहे. 1912 साली विलायतेत कॅमेरा खरेदी करून ते परतले, पण 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसा उभा राहीना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर लावला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्च करत महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर सगळा खेळ मिनिटभराचा. तो पाहून भांडवल देणारे पुढे आले आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. हेतू कर्जाचाच होता, हे कबूल. पण कर्ज मागायला जाणारा माणूस हिशेबाचे कागद नेतो, दागिने नेतो. वाटाण्यापुढे महिनाभर बसून राहतो, त्याला दुसरंच काहीतरी लागलेलं असतं. माझ्या मते लघुपटाची ओढ म्हणतात ती हीच.

आपण प्रेक्षकांनी मात्र या प्रकाराला कधी फारसा मान दिला नाही. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची फिल्म दाखवणं सक्तीचं होतं, तेव्हा तेवढ्या वेळात आपण बाहेर बटाटेवडे खात असू. 'शिडीची पहिली पायरी' हा शब्दप्रयोगही आपलाच. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' शिडीच्या हिशेबात चोख बसतो. अहमदनगरला शिकत असताना केलेला लघुपट, त्याला राष्ट्रीय पुरस्कार, मग 'फँड्री', मग 2016 मध्ये 'सैराट'. मराठी सिनेमाच्या कमाईचे सगळे विक्रम मोडले गेले. शिडी संपली. त्यानंतर या माणसानं काय करावं? 'पावसाचा निबंध' नावाचा, अर्ध्या तासाच्या आत संपणारा लघुपट. शाळेत पावसावर निबंध लिहून न्यायचाय आणि घर गळतंय. विषय एवढाच. त्यात आणखी दीड तासाची भर घातली असती, तर पोराची मास्तरीण, गावचा सरपंच, एखादं गाणं आणि मध्यंतराला वीज कोसळणं हे सगळं आलंच असतं. आणि कोऱ्या वहीवर टपकणारं पाणी त्याखाली वाहून गेलं असतं.

काही विषयांचा जीवच तेवढा असतो. उमेश कुलकर्णी यांची पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली 'गिरणी' आठवा. आई संसाराला हातभार म्हणून घरात पिठाची गिरणी बसवते आणि तिच्या आवाजानं, पिठाच्या धुरळ्यानं पोराचं बालपण भरून जातं. किंवा त्याच संस्थेत शिकलेल्या चिदानंद नाईक या डॉक्टरचा सोळा मिनिटांचा कन्नड लघुपट घ्या. म्हातारी कोंबडा चोरते आणि गावावर सूर्य उगवायचाच थांबतो. 2024 मध्ये कानमध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात तो पहिला आला. त्या अंधारात सोळा मिनिटं रमता येतं, दोन तास बसवलं तर आपण मोबाइलची बॅटरी लावू.

सगळेच लघुपट असे असतात असं मात्र समजू नका. या विभागाच्या निमित्तानं आम्ही बरेच पाहिले आणि त्यातले निम्म्याहून अधिक शेवटच्या धक्क्यासाठी केलेले निघाले. बाई भूत असते, नाहीतर सगळं स्वप्न असतं. संपादकाला हे दुखणं ओळखीचं आहे. 1909 च्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंकांनी मराठी कथा पोसली, तशी शेवटच्या ओळीत टाळी मागणारी कथाही पोसली. आमच्या टेबलावर ती दर ऑगस्टला येते. कमी जागा मिळाली की काहींना थेंब ऐकू येतो, बाकीच्यांना फटाका लावावासा वाटतो. आणि दिवाळी आमचीच असल्यामुळे फटाक्यांना अगदीच नाही कसं म्हणणार?

तिकीटबारी नाही, म्हणून लघुपटात पैसा नाही. नेमकं त्याचमुळे, मध्यंतर कुठे आणायचं हे सांगणाराही कोणी नाही. ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांचे दोन दिवसांच्या शूटिंगचे खर्च कोणाच्या तरी पगारातून, कोणाच्या तरी आईच्या पोह्यांवर निघाले होते. त्यांनी जे सांगितलं, ते पुढच्या पानांत त्यांच्याच शब्दांत आहे.

त्या दिवशी संध्याकाळी पॅकअप झालं, सामान टेम्पोत गेलं आणि सगळे चपला घालून जिन्यात पोचले. तेवढ्यात ती मुलगी धावत परत आली, फ्रिज उघडला, गारठलेली किल्ली काढली, बटण दाबलं. मावशी ओट्याशीच उभ्या होत्या. नळ अजून गळत होता. पुढच्या महिन्यात अकरा मिनिटांचा लघुपट त्यांना मोबाइलवर दाखवला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "प्लंबरला बोलावलंय रे उद्या. तुमचं झालंय ना नक्की?"



— संपादक