आटे गेले... आता पुढे काय?

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. माझी दहावीपर्यंतची सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला दोष देऊ नका, मला द्या. 'थ्रेड'ला मराठीत 'आटे' म्हणतात हे मला सेकंड इयर संपल्यावर कळलं, आणि तेही कॉलेजात नाही. मिस्त्रीकाका म्हणाले, "आटे गेले," आणि मी विचारलं, "पाणी आटलं का?" होडीवरचे सगळे पोट धरून हसले!

झालं असं. माझ्या मामाची रत्नागिरीकडे मासेमारीची लाँच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे वर्षाची सगळी दुरुस्ती त्या दोन महिन्यांत उरकायची. इंजिन जुनं, समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवून थंड होणारं. ते बंद ठेवायचं तर ब्लॉकच्या खालच्या अंगाचा ड्रेन प्लग काढून सगळं खारं पाणी सोडून द्यावं लागतं. थंड देशात पाणी गोठून ब्लॉक फुटेल म्हणून सोडतात. कोकणात गोठायची भीती नाही, पण दोन महिने साचलेलं खारं पाणी आतून खात बसतं.

प्लग काही केल्या हलेना. मी मेकॅनिकलची! लिव्हरचा नियम पाठ! पान्याला दोन फुटी पाईप लावला आणि ओढला. 'टच्च' आवाज झाला आणि पितळी प्लगचं डोकं माझ्या हातात आलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण काका जेवायला गेलेले बघून मी ड्रिल घेतलं, ते मधोमध न लागता एका बाजूला गेलं आणि ब्लॉकचे आटेही कापले गेले.

मामा काही बोलला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. १ ऑगस्टला लाँच निघाली नाही तर त्याचं एकट्याचं नाही, तांडेल आणि सगळ्या खलाशांचं नुकसान. नवीन ब्लॉक म्हणजे किती पैसे हे मला तोपर्यंत माहीतही नव्हतं.

काकांनी आधी हॅक्सॉ ब्लेडने उरलेल्या पितळी कडीत दोन खाचा पाडल्या, अगदी आट्यांपर्यंत पण आटे न कापता. मग छिन्नीने कडी आतल्या बाजूला दुमडून काढली. भोकाच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घासला तर काळा मऊ भुगा पडला. "बघ बाय, बीड राहिलंच नाही. पेन्सिल झाली."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ग्राफिटिक करोजन! मटेरियल्सच्या पेपरात यावर मी अर्धं पान लिहिलं होतं. बीडातलं लोखंड झिजून जातं, ग्राफाइटचा सांगाडा तेवढा राहतो. आकार तोच, ताकद शून्य. त्यात प्लग पितळेचा. खाऱ्या पाण्यात पितळ आणि बीड चिकटून बसले की छोटी बॅटरीच तयार होते. झिजतं ते बीड, पितळ मजेत राहतं. मग लोखंडी प्लग का नाही? तो गंजून असा बसतो की पुढच्या वर्षी निघतच नाही. प्लग लहान आणि ब्लॉक मोठा म्हणून ही झीज हळू चालते, पण चालतेच. म्हणजे आटे निम्मे आधीच गेले होते. उरलेल्या निम्म्यांचं श्रेय माझं.

आता दुरुस्ती. मी म्हटलं, वेल्डिंग करू. काका म्हणाले, बीड एकाच जागी तापवलं की थंड होताना तडकतं. अख्खा ब्लॉक गरम करून निकेलच्या रॉडने करावं लागेल, ते होडीत कुठे? हेलिकॉइल? बोल्टसाठी उत्तम, पण या निमुळत्या आट्यांत त्या तारेच्या कडेने पाण्याला वाट मिळते. इपॉक्सी पुट्टी? ती वेळ मारून नेते, पण दरवर्षी काढायच्या प्लगला उपयोगाची नाही. उरला एकच मार्ग. खराब झालेलं बीड कापून भोक एका साइझने मोठं करायचं, अर्ध्या इंचाचं पाऊण इंच. त्यात माइल्ड स्टीलचा बुश सीलंट लावून कायमचा बसवायचा आणि बुशाच्या आत पुन्हा अर्ध्या इंचाचा प्लग. पुढे गंजायचं तर बुश गंजेल, तो बदलता येतो. ब्लॉक वाचतो.

पण भोवती तेवढं बीड आहे का? इथे मी कामाला आले. पाईप थ्रेडचा 'अर्धा इंच' नावापुरता असतो, बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिमी भरतो आणि पाऊण इंचाचा साडेसव्वीस. मी व्हर्नियरने मोजून भिंत किती उरेल ते काढलं. साडेसहा मिमीच्या वर उरत होती. काका म्हणाले, "मग चालंल."

टॅप चालवताना त्याच्या खोबणीत ग्रीस भरायचं, म्हणजे बुरा ब्लॉकच्या आत पडत नाही. आणि टॅप एकदम आत घालायचा नाही. आटे १६ला १ असे निमुळते असतात. टॅप जास्त आत गेला की बुश नुसताच आत जातो, घट्ट होतच नाही. दोन फेऱ्या, मग बुश लावून बघायचा, पुन्हा अर्धी फेरी. तासभर हेच!

शेवटी भंगारातून आणलेला एक प्लग मी हाताने लावला. तीन फेऱ्या छान गेला, मग अडला. मला वाटलं बसला. पण या वेळी पाना न उचलता थ्रेड गेज काढला. आटे इंचाला १४, बरोबर. पण कोन ६०°! म्हणजे अमेरिकन एनपीटी. आपला बीएसपी ५५° चा, व्हिटवर्थचा, आणि अर्ध्या इंचाला दोन्हीत आटे १४च! जोर लावला असता तर नवे आटेही गेले असते. काकांनी गेज हातात घेऊन दोनदा बघितला. म्हणाले, "हे आमाला कोणी शिकवलं नव्हतं."

सांगायचा मुद्दा हा. काकांना 'कसं' माहीत होतं, मला 'का' माहीत होतं. दोघं एका होडीत आलो तेव्हा कुठे काम झालं. आपल्याकडे आटे कसे काढायचे (म्हणजे ड्रॉइंग शीटवर!) ते पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. आटे गेल्यावर काय करायचं, हे आठही सेमिस्टरमध्ये कोणी विचारत नाही. वर्कशॉपमध्ये आपण नव्या कोऱ्या रॉडवर डाय फिरवतो आणि जॉब सबमिट करतो. खऱ्या जगात नवा कोरा रॉड कोण देतं हो?

काही जण म्हणतील, हे तर आयटीआयचं काम, इंजिनिअरने डिझाइन करावं. मान्य, टॅप कोणीही फिरवावा. पण भिंत किती उरेल, बुश कशाचा घ्यायचा, वेल्डिंग का नको, हे निर्णय डिझाइनचेच आहेत ना? आणि ज्याने अडकलेला प्लग कधी काढला नाही, तो पुढच्या इंजिनात प्लगला पाना लागेल एवढी जागा तरी ठेवेल का?

म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती. वर्कशॉपच्या मागे भंगारात दोन जुने ब्लॉक पडलेत. चार-चार जणांच्या बॅचला एकेक गंजलेलं भोक द्या. ते दुरुस्त करायचं आणि एक पान लिहायचं: काय केलं, आणि दुसरं काय केलं नाही व का. मार्क त्या 'का'ला द्या. आणि कोणी माझ्यासारखा प्लग तोडलाच, तर नापास करू नका. तिथूनच तर शिकणं सुरू होतं.

लाँच १ ऑगस्टला पहाटे निघाली. मामाने फोनवर एवढंच सांगितलं, "सुका आहे गो प्लग." डिस्टिंक्शनचा निकाल ऐकूनही इतकं बरं वाटलं नव्हतं!

असो. आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरचा नळ वर्षभर सुतळीने बांधलेला आहे. मजल्यावर चोवीस भावी इंजिनिअर राहतात. आटे गेलेत फक्त. येत्या रविवारी मी पाना घेऊन बसणार आहे. टेफ्लॉन टेप कोण आणतंय?