कोणतें शस्त्र चांगलें ?

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गावर दुसऱ्या महायुद्धाचा पाठ चालला असतां, मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, त्या युद्धांत पायदळाचें सर्वांत चांगलें शस्त्र कोणतें? सबमशीनगन, कीं जर्मनांची असॉल्ट रायफल?” मी तोंड उघडण्यापूर्वींच अर्ध्या वर्गानें “असॉल्ट रायफल!” असा एकमुखानें निकाल देऊन टाकला. मुलांच्या माहितीचें मला कौतुक वाटलें; निकालाच्या घाईचें मात्र वाटलें नाहीं. घंटा झाली, वर्ग सुटला, प्रश्न मागें राहिला. तो दिसतो तितका पोरकट नाहीं, म्हणून त्याचें उत्तर वार्षिकाच्या ह्या पानांतून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम हीं दोन शस्त्रें म्हणजे काय, तें पाहूं. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं शिपायाच्या हातीं जी रायफल होती ती लांब पल्ल्याची होती. जर्मन रायफलीच्या निशाणपट्टीवर तर २००० मीटरपर्यंतचे आंकडे कोरलेले असत. परंतु खंदकाच्या वळणापलीकडचा शत्रु दहा-वीस पावलांवर उभा! तेथें एक गोळी झाडावी, बोल्ट मागें ओढावा, पुन्हा पुढें ढकलावा, एवढा अवधि कोणास मिळणार? ह्या अडचणींतून १९१८ साली ह्यूगो श्मायसर यानें आंखलेली एमपी १८ ही बंदूक जर्मन सैन्यांत आली. तिच्यांत पिस्तुलाचेंच ९ मिलिमीटरचें काडतूस वापरलेलें होतें, आणि चाप दाबून धरल्यास गोळ्यांची सर सुटे. हीच सबमशीनगनची सुरुवात.

पिस्तुलाचें काडतूस दुबळें खरें. पण त्या दुबळेपणांतच ह्या शस्त्राचें मर्म आहे. रायफलीच्या काडतुसाचा दाब इतका प्रचंड असतो कीं, गोळी नळीबाहेर पडेपर्यंत बोल्ट पक्का अडकवून ठेवावा लागतो. त्यासाठीं बारीक, काटेकोर घडणीचे भाग लागतात. पिस्तुलाच्या काडतुसास एक जड बोल्ट आणि त्यामागें एक स्प्रिंग एवढें पुरतें. बोल्टच्या वजनामुळेंच तो क्षणभर उशिरां मागें सरकतो, आणि तेवढ्यांत गोळी निघून जाते. यामुळें ही बंदूक पोलादी नळ्या व पत्रे ठोकून, सांधून साध्या कारखान्यांतहि करतां येते.

१९४१ साली इंग्लंडांत निघालेली स्टेनगन हें याचें उत्तम उदाहरण. डंकर्कहून परतलेल्या सैन्यापाशीं शस्त्रें नव्हतीं, पैसा अपुरा होता, वेळ तर नव्हताच. अमेरिकेची थॉम्पसन, म्हणजे आपण जिला टॉमीगन म्हणतों ती, उत्तम होती. पण महाग होती. स्टेन दिसावयास नळाच्या तुकड्यासारखी ओबडधोबड. तिचें मॅगझिन वेळीं-अवेळीं अडे, आणि हातांतून पडली तर आपोआप गोळी सुटण्याचें भय असे. असें असूनहि तिच्या सुमारें ४० लाख प्रती निघाल्या. आणि जर्मनांच्या टाचेखालीं असलेल्या पोलंड, डेन्मार्क, नॉर्वे या देशांतील लोकांनीं चोरून, लपून तिच्या नकला केल्या. रशियानेंहि तोच मार्ग धरला. १९३९-४० च्या हिवाळी युद्धांत फिनलंडच्या सुओमी बंदुकीचा तडाखा त्यानें सोसला होता. पुढें ग्यॉर्गी श्पागिन याची पीपीएसएच-४१ ही बंदूक, ७१ गोळ्यांचा गोल डबा लावून, ५० लाखांहून अधिक संख्येनें सैन्यांत गेली. स्टालिनग्राडांत १९४२-४३ साली खोलीखोलींतून लढाई झाली, तेव्हां पन्नास मीटरांपलीकडे मारा करण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नव्हता.

परंतु घराबाहेर पाऊल पडलें कीं सबमशीनगनचें उणें उघडें पडे. दीडशें-दोनशें मीटरांपलीकडे तिच्या गोळीचा भरंवसा नसे. उलट जुन्या रायफलीची शक्ति गरजेपेक्षां फार अधिक. कारण बहुतेक चकमकी तीन-चारशें मीटरांच्या आंतच होत. ह्या दोहोंच्या मधलें कांहीं हवें, हा विचार पुष्कळांस सुचला होता. रशियांत फ्योदोरोव्ह यानें १९१६ सालींच तसा एक प्रयत्न करून पाहिला होता. तो सिद्धीस नेला जर्मनांनीं. त्यांनीं रायफलीचें ७.९२ मिलिमीटरचें काडतूस आंखूड केलें, दारू कमी घातली, आणि त्या काडतुसासाठीं नवी बंदूक घडविली. तीच पुढें १९४४ साली श्टुर्मगेव्हेअर, म्हणजे ‘हल्ल्याची रायफल’, ह्या नांवानें प्रसिद्ध झाली.

येथें पदार्थविज्ञानाचा एक पाठ आठवावा. ९ मिलिमीटरच्या पिस्तुली गोळीचें वजन सुमारें ८ ग्रॅम. ह्या नव्या काडतुसाच्या गोळीचेंहि जवळजवळ तेवढेंच. पहिलीचा वेग सेकंदास सुमारें ३८० मीटर, तर दुसरीचा सुमारें ६८५. वेग दुप्पटहि झाला नाहीं. पण गतिजन्य शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती तिपटीहून अधिक झाली. शिवाय जुन्या काडतुसाहून नवें काडतूस हलकें असल्यानें शिपायास तेवढ्याच ओझ्यांत अधिक काडतुसें नेतां येऊं लागलीं. एकेक गोळी नेमकी मारावी, किंवा सर सोडावी. घरांत लढावें, किंवा शेतापलीकडच्या कुंपणावर नेम धरावा. एकाच बंदुकीनें हीं सर्व कामें होऊं लागलीं. यंत्र म्हणून पाहतां असॉल्ट रायफल श्रेष्ठ होय, ह्या बाबतींत मी वर्गाशीं सहमत आहें.

पण वर्गानें विचारांत न घेतलेली गोष्ट पुढेंच आहे. युद्ध हें प्रदर्शन नव्हे. नवें काडतूस म्हणजे नवे कारखाने, नवे सांचे, आणि रणांगणापर्यंत पुरवठ्याची एक नवी सांखळी. जुन्या काडतुसांचे ढीग पडले असतां हा खटाटोप कशाला, असें म्हणून हिटलरनेंच आरंभीं विरोध केला, आणि कांहीं काळ हें काम मशीनपिस्तूल ह्या जुन्याच नांवाखालीं चालवावें लागलें. शेवटीं सुमारें सव्वाचार लाख बंदुका निघाल्या. त्यांतील बऱ्याचशा अशा वेळीं, कीं जेव्हां जर्मनीपाशीं पेट्रोल नव्हतें, विमानें नव्हतीं आणि वेळहि नव्हता. लाखांत मोजलेलें उत्तम शस्त्र कोटीच्या घरांत गेलेल्या साध्या शस्त्रांपुढें काय करणार?

रशियाचें वर्तन तर मला अधिकच बोलकें वाटतें. मधल्या शक्तीचें काडतूस त्यानेंहि १९४३ साली तयार केलें होतें. म्हणजे कल्पना ठाऊक नव्हती असें नव्हे. तरीहि युद्ध संपेपर्यंत त्यानें पीपीएसएच काढणें थांबविलें नाहीं. घर पेटलें असतां हातीं असलेली बादलीच भरावयाची असते. नवी विहीर पुढें खणतां येते. आणि ती त्यानें खणलीहि. १९४९ साली त्याच काडतुसावर चालणारी कलाश्निकोव्हची रायफल रशियन सैन्यानें स्वीकारली, आणि जुनी सबमशीनगन पायदळांतून हळूहळू निवृत्त झाली. तेव्हां माझें मत असें : त्या युद्धाचें शस्त्र सबमशीनगन, त्यानंतरच्या काळाचें शस्त्र असॉल्ट रायफल. जो ह्या दोन प्रश्नांची गल्लत करतो, त्याचें उत्तर चुकतें.

येथपर्यंत यंत्रांचा विचार झाला. आतां माणसाचा करूं. आपल्या कुलाबा (आतांच्या रायगड) जिल्ह्याचा बावीस वर्षांचा नाईक यशवंत घाडगे मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनीबरोबर इटलींत लढत होता. १० जुलै १९४४ रोजीं, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, त्याच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्यावांचून सर्वजण ठार वा जखमी झाले. तो एकटा धांवला. बाँब फेंकून त्यानें मशीनगन व ती चालविणारा, दोघांनाहि निकामी केलें. टॉमीगननें आणखी एकास टिपलें. टॉमीगनचा वेग मिनिटास सुमारें ७०० गोळ्यांचा. वीस-तीस गोळ्यांचें मॅगझिन दोन-तीन सेकंदांत संपतें. तें बदलण्यास अवसर नव्हता. त्यानें बंदूक नळीकडून धरली आणि सोट्यासारखी चालवून उरलेल्या दोघांस पाडलें. लगेच दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनीं, जिंकलेल्या त्या ठाण्यावरच त्याचा प्राण गेला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच्या हातीं असॉल्ट रायफल असती तर? तिचें मॅगझिनहि ३० गोळ्यांचेंच, आणि तेंहि तसेंच रिकामें झालें असतें. आंकड्यांची तुलना जेथें संपते, तेथून पुढें काय होतें हें ह्या एका प्रसंगावरून कळतें. हें मी केवळ शौर्याच्या गौरवासाठीं लिहीत नाहीं. त्या खड्ड्यांत जे मेले तेहि कोणाचे तरी मुलगेच होते. आणि दोन्हीकडच्या आयांना पल्ला, वेग, वजन यांचे कोष्टक दाखवून कोणतेंहि समाधान झालें नसतें.

खुद्द कलाश्निकोव्ह २०१३ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं वारला. आपण मायभूमीच्या रक्षणासाठीं ही रायफल घडविली, असें तो जन्मभर सांगत आला. तरीहि अखेरच्या काळांत त्यानें रशियन चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंस पत्र लिहून, आपल्या रायफलीनें जे जीव गेले त्यांचा दोष आपल्यावर येतो काय, अशी आपल्या मनाची व्यथा कळविली. ज्याच्या बंदुकीला जगानें ‘सर्वांत चांगलें शस्त्र’ म्हटलें, त्याचीच त्या विशेषणानें शांति झाली नाहीं, ही गोष्ट आमच्या मागच्या बाकावरील मित्रांनीं विसरूं नये.

बंदुकांची माहिती मिळवूं नये असें मी म्हणत नाहीं. यंत्र समजून घेणें हा बुद्धीचा आनंदच आहे. परंतु ‘चांगलें’ हा शब्द उच्चारतांना ‘कशासाठीं, कोणासाठीं आणि किती किंमतीनें’ हे तीन प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय लावावी. पुढच्या सत्रांत तो पाठ पुन्हा येईल. त्या वेळीं उत्तर देण्यापूर्वीं वर्ग क्षणभर जरी थांबला, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.