भागिले पाच

आइसलंडला मोटारीने प्रदक्षिणा घालायची तर आमच्या मंडळींचा हिशेब ठरलेला. रिंग रोड सुमारे १३०० किलोमीटर, रजा ५ दिवस, म्हणजे रोजचे २६०. झाली सहल!

अहो, मीही बी. कॉम. आहे, भागाकाराशी माझं वैर नाही. पण सरासरीच्या भरवशावर बँकेत कुणी तिजोरीची किल्ली देत नाही, तिथे तुम्ही बायकापोरं देता? १९७४ साली दक्षिणेतल्या नद्यांवर पूल झाले तेव्हा कुठे हे वर्तुळ पुरं झालं. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ९०, खडीवर ८०. वाटेत एकपदरी पूल, मोकाट मेंढ्या. वारा असा, की मोटारीचं दार उघडलं की उलटं वाकवतो. आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात ते नुकसान बहुधा बसत नाही. डिसेंबरात तर उजेडच जेमतेम चार तास! उरलेले किलोमीटर काय बर्फावर, काळोखात, डुलक्या घेत कापणार?

एवढं करून पश्चिमेकडचे फ्योर्ड वर्तुळाबाहेरच राहतात. तरी परतल्यावर म्हणणार, "आम्ही आइसलंड केलं!" पाहिलं नव्हे, केलं! जणू सह्यांचं रजिस्टर.

रजा पाचच दिवस आहे ना? मग रेक्याविकहून दक्षिण किनाऱ्याने व्हीकपर्यंत जा. धबधब्यापाशी घड्याळ न बघता उभे राहा. उरलेलं बेट कुठे पळत नाही. शिल्लक पुढे ओढायची सोय प्रत्येक खात्यात असते.