पेट्रोलपंपावरचे तीन मित्र

एका छपराखालीं लहानथोर बारा माणसें नांदत असलीं म्हणजे संध्याकाळीं दिवाणखान्यांत बसून काय पाहावें, याविषयीं एकमत होणें जवळजवळ अशक्य असतें. थोरल्यांस जुनें संगीत नाटक हवें, मुलांस धांवपळ हवी, आणि स्वयंपाकघर आवरून उशिरां येणाऱ्या गृहिणींस मध्येंच येऊन बसलें तरी कळेल असें कांहीं हवें. अशा एका सायंकाळीं आमच्या घरीं एक जुना जर्मन बोलपट लागला. भाषा कोणासही येत नव्हती. तरी तो सर्वांनीं शेवटपर्यंत पाहिला आणि पोट धरून हंसले. दिवे लागल्यावर घरांतील सर्वांत धाकट्या मुलीनें विचारिलें, “मग पुढें त्या माणसांचें काय झालें?” तिला गोष्टींतील माणसें अभिप्रेत होतीं, आम्हांस मात्र तीं वठविणारीं माणसें आठवलीं, आणि आम्ही गप्प राहिलों. त्या प्रश्नाचें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बोलपटाचें मूळ नांव ‘डी ड्राय फोन डेर टांकश्टेले’, म्हणजे ‘पेट्रोलपंपावरचे तिघे’. ‘उफा’ या प्रख्यात जर्मन कंपनीनें तो १९३० सालीं काढिला. निर्माते एरिक पोमर, दिग्दर्शक विल्हेल्म थीले, आणि संगीत वेर्नर रिशार्ड हायमान यांचें. विली, कुर्ट व हान्स हे तीन चैनी मित्र मोटारींतून सहल करून घरीं परततात, तों पैसा बुडालेला आणि सामान जप्त होत असलेलें! जर्मनींत जप्तीच्या वस्तूवर सरकारी गरुडाची चिठ्ठी चिकटविण्याचा प्रघात होता, आणि त्या गरुडास लोक थट्टेनें ‘कोकीळ’ म्हणत. तेव्हां घरांत अशी कोकिळा बसली आहे. पण हे तिघे रडत नाहींत. ते बेलिफासच गाण्यांतून आळवितात! पुढें उरलेली मोटार विकून ते एक पेट्रोलपंप घेतात व आळीपाळीनें त्यावर पहारा करितात. तेथें एका श्रीमंत कॉन्सुलची कन्या आपली मोटार घेऊन येते. प्रत्येकाच्या पाळींत ती येते, प्रत्येकजण तिच्यावर भाळतो, आणि दुसऱ्या दोघांस त्याचा पत्ता नसतो. यांतून मैत्रींत वितुष्ट येतें व अखेर तें मिटतें. सर्वांत शेवटीं नायक-नायिका पडद्याबाहेर येतात, प्रेक्षक अजून बसलेलेच आहेत हें पाहून चकित होतात, आणि मग त्यांच्यासाठीं म्हणून एक थाटाची भरतवाक्याची मैफल होते.

कथानक एवढेंच. परंतु त्या काळीं बोलपट नुकता बोलूं लागला होता. पात्रें एका जागीं उभीं राहून संवाद म्हणत. गाणें आलेंच तर तें रंगभूमीच्या दृश्यांत. येथें मात्र मोटार चालवितांना, सामान वाहून नेतांना, काम करतां करतां गाणें सुरू होतें आणि माणसें सहज नाचूं लागतात. एका भाषेंतील बोलपटास दुसऱ्या भाषेचा आवाज जोडण्याची कला तेव्हां पक्व झाली नव्हती. म्हणून त्याच देखाव्यांत फ्रेंच नट उभे करून हाच खेळ ‘स्वर्गाचा मार्ग’ अशा अर्थाच्या नांवानें पुन्हां घेण्यांत आला. नायक बदलून आंरी गारा आला. नायिका मात्र तीच राहिली, कारण तिला फ्रेंचही येत होतें. आमच्या वाचकांस हें नवल वाटूं नये. कोल्हापुरास ‘प्रभात’नें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ मराठींत व हिंदींत असा दोनदां घेतला, तो याच अडचणीमुळें.

आतां तारखेकडे पाहावें. बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्ट चित्रगृहांत हा बोलपट प्रथम दाखविला गेला तो १५ सप्टेंबर १९३० रोजीं. त्याच्या आदल्याच दिवशीं जर्मनींत निवडणूक झाली होती, आणि हिटलरच्या पक्षाच्या जागा १२ वरून एकदम १०७ वर गेल्या होत्या. बेकारी वाढत होती, आणि घरावर जप्ती येणें ही पुष्कळांची स्वतःचीच कहाणी होती. ज्या प्रेक्षकांनीं बेलिफाचें गाणें ऐकून टाळ्या पिटल्या, त्यांच्यांत बेलीफ खरोखरीच दारीं येऊन गेलेले किती असतील! लोकांनीं हा खेळ डोक्यावर घेतला, आणि त्या हंगामांत जर्मनींत सर्वांत अधिक चाललेला बोलपट तोच ठरला.

१९३३ च्या जानेवारींत हिटलर अधिकारारूढ झाला. त्याच वर्षीं २९ मार्च रोजीं ‘उफा’च्या चालकांनीं आपल्या ज्यू नोकरांस व कलावंतांस काढून टाकण्याचा ठराव केला. ज्यांनीं कंपनीस पैसा व कीर्ति मिळवून दिली, त्यांच्याविषयींचा हा ठराव होता! संगीतकार हायमान देशोधडीस लागले. दिग्दर्शक थीले अमेरिकेस गेले. तेथें त्यांनीं १९४३ सालीं टारझनचा एक चित्रपट केला, त्यांत तो जंगलचा राजा नाझी सैनिकांशींच लढतो. मैत्रीचें गाणें ज्यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळें घरोघरीं गेलें, त्या ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ या सहाजणांच्या मंडळींत तिघे ज्यू होते. १९३५ सालीं त्यांस एकत्र गाण्याची बंदी झाली आणि मेळ मोडला. १९३७ सालीं खुद्द बोलपटावरच बंदी आली.

तिघां मित्रांपैकीं कुर्ट झालेला ऑस्कर कार्लवाइस हा व्हिएन्नाचा नट. त्यास देश सोडावा लागला. १९४४ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्यानें याकोबोव्स्कीची भूमिका गाजविली. ती भूमिका नाझींपुढून पळणाऱ्या एका ज्यू निर्वासिताची होती, म्हणजे ती त्यास फारशी शिकावी लागली नसेल. विली झालेला विली फ्रिच जर्मनींतच राहिला व नट म्हणून चमकत राहिला. हान्स झालेला हाइन्झ र्‍यूमान हाही राहिला. त्याची पत्नी ज्यू होती. १९३८ सालीं त्यांनीं घटस्फोट घेतला. ती स्वीडनला गेली आणि वांचली. तो घटस्फोट तिच्या रक्षणासाठीं होता कीं स्वतःच्या, यावर आजही लोक वाद घालतात.

नायिका लिलियन हार्वे ही लंडनला जन्मलेली. आई इंग्रज, बाप जर्मन. तिच्या ओळखीच्या येन्स काइट नांवाच्या नृत्यदिग्दर्शकावर सरकारनें खटला भरला, तेव्हां ही पडद्यावरची थट्टेखोर पोर त्यास जामीन राहिली. तो फ्रान्सला निसटला, आणि पोलिसांची वक्र दृष्टि हिच्याकडे वळली. १९३९ सालीं तिनेंही जर्मनी सोडली. गोष्टींत मैत्रीचें गाणें तिघे पुरुष गातात. परंतु त्या गाण्याची किंमत तिनें मोजली, असें आम्हांस वाटतें.

बेलीफ झालेला फेलिक्स ब्रेसार्ट हॉलिवुडला पोंचला. ‘निनोच्का’ (१९३९) व ‘टु बी ऑर नॉट टु बी’ (१९४२) या चित्रपटांत तो दिसतो, आणि दोहोंचें संगीत त्याच हायमान यांचें आहे. बर्लिनला एका खेळांत एकत्र आलेले दोघे परमुलखांत पुन्हां एकत्र आले, एवढा तरी दिलासा यांत आहे.

वकील डॉ. काल्मुस झालेला जाडजूड कुर्ट गेरोन याची कथा मात्र सांगण्यास जड जाते. तो पॅरिसला गेला, पुढें हॉलंडला गेला. पण हॉलंडही जर्मनांनीं व्यापिलें. १९४४ सालीं त्यास थेरेझियनश्टाटच्या छावणींत नेऊन टाकिलें. तेथील ज्यू लोक किती सुखांत आहेत हें जगास दाखविणारा खोटा चित्रपट त्याच्याकडूनच करवून घेतला, आणि काम उरकल्यावर, ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस, त्यास पत्नीसह आउश्विट्झला पाठविलें. तेथें त्यांस ठार मारण्यांत आलें.

हें सर्व त्या मुलीस सांगावें काय? आमच्या थोरल्या काकांचें मत पडलें कीं, सांगूं नये. चार घटका हंसण्याच्या वस्तूंत विष कालवूं नये. काकूंचें मत निराळें होतें. त्या म्हणाल्या, “आपण ज्यांच्यामुळें हंसलों, त्यांचीं नांवें तरी ठाऊक नकोत का?” आम्हीं पुष्कळ विचार केला, आणि शेवटीं काकूंच्या बाजूस झुकलों. हंसण्यांत कमीपणा नाहीं. थीले व हायमान यांनीं तो खेळ माणसांनीं हंसावें म्हणूनच केला. जप्ती आलेल्या माणसासही गाणें सुचावें, असा तो काळ होता. त्या हंसण्यास आज लाज वाटून घेण्याचें कारण नाहीं. परंतु खेळ संपल्यावर पडद्यावर जीं नांवें सरकत जातात, त्यांकडे पाठ फिरवून उठून जाणें हें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें. ज्यांनीं बंदी घातली, त्यांस हींच नांवें पुसून टाकावयाचीं होतीं.

१९५५ सालीं हाच बोलपट पश्चिम जर्मनींत नव्यानें निघाला. त्यांत नायिकेच्या बापाचें काम विली फ्रिचनें केलें. पूर्वीचा तरुण नायक आतां बाप झाला होता. जुन्या मंडळींपैकीं तेथें येऊं न शकलेल्यांची आठवण तेव्हां कोणास झाली असेल, तर ती त्यासच प्रथम व्हावयास हवी होती.

आम्हीं त्या मुलीस थोडें सांगितलें, तिच्या वयास झेपेल इतकें. तिनें सर्व ऐकून घेतलें व म्हणाली, “मग त्या जाड्या वकिलाचा भाग पुन्हां लावा.” आम्हीं तो लाविला. ती पुन्हां हंसली. आणि या खेपेस थोरले काकाही आपल्या खुर्चींतून उठले नाहींत.